भाडेकरूंनो, कायदा तुमच्या पाठीशी आहे

घर भाड्याने घेताना तोंडी बोलीवर विसंबू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती केली नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरतात. ते खोटे आहे हे मालकाने सिद्ध करायचे. पुरेशा कारणाशिवाय पाणी किंवा वीज तोडली, तर भाडेकरू न्यायालयात दाद मागू शकतो.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून अन्याय सोसू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. माहितीसाठी 15100 हा क्रमांक लावा. भाड्याची पावती मागून घ्या, जपून ठेवा. तो तुमचा हक्कच आहे.