सुई एक, उपयोग अनेक
(गणेशोत्सवातील महिलांच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



विषय क्रोशाचा आहे म्हटल्यावर काही बंधू हळूच चहाच्या टेबलाकडे निघालेले दिसतात. त्यांनी चहा जरूर घ्यावा, पण परत यावे. माझ्या बोलण्याचा शेवटचा भाग त्यांच्यासाठीही आहे.

आपण बहुतेक जण नोकरीनिमित्त आंध्रात आलेलो. बदलीच्या संसाराला क्रोशासारखा दुसरा छंद नाही. एक आकड्याची सुई, दोऱ्याचा गुंडा आणि कात्री, एवढे सामान पर्समध्ये मावते. मध्येच काम ठेवावे लागले तरी फक्त एकच टाका सुईवर असतो, त्यामुळे दोन सुयांच्या विणकामासारखे पन्नास टाके गळण्याची भीती नाही.

सुरुवात गोल चकतीपासून करावी. चार साखळ्या घालून त्यांचे कडे जोडा आणि त्यात बारा खांब घाला. दुसऱ्या ओळीत प्रत्येक खांबावर दोन, म्हणजे चोवीस. तिसरीत एकाआड एक खांबावर दोन, म्हणजे छत्तीस. प्रत्येक ओळीत बारा खांब वाढले की चकती सपाट बसते. कडेला झालर पडू लागली तर खांब जास्त झाले, वाटीसारखी वळू लागली तर कमी पडले, असे समजावे. आणि वाटीच हवी असेल तर वाढवणे मुद्दाम थांबवा. त्यातूनच टोपी होते, बटवा होतो. या एका हिशेबावर निम्म्या वस्तू उभ्या आहेत.

मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून शिकणाऱ्या मुलींना एक सूचना. अमेरिकन पद्धतीत ज्याला डबल क्रोशे म्हणतात, त्यालाच ब्रिटिश पद्धतीत ट्रेबल म्हणतात. कोणती पद्धत आहे ते आधी पाहावे, नाहीतर रुमालाचे माप भलतेच येते.

दोरा वस्तूप्रमाणे निवडावा. क्रोशाच्या सुती दोऱ्याचा नंबर जितका मोठा, तितका दोरा बारीक. दुधाच्या पातेल्यावरची जाळी बारीक दोऱ्याची करावी आणि कडेला मणी ओवावेत, म्हणजे वजनाने ती वाऱ्यावर उडत नाही. गरम भांड्याखालची चकती मात्र जाड सुती दोऱ्याचीच हवी, आणि दुहेरी. अॅक्रिलिकची लोकर स्वस्त आणि रंगीत असली तरी उष्णतेने वितळते, तिला गॅसजवळ नेऊ नये. बाळाचे मोजे घट्ट विणीचे करावेत. जाळीच्या भोकात इवलीशी बोटे अडकतात. कुंचीलाही लांब गोंडे आणि मणी लावू नयेत.

भेट द्यायची तर घेणाऱ्याच्या घरात ती वापरली जाईल का, हे आधी पाहावे. टीव्हीवर घालायच्या रुमालांचे दिवस टीव्ही भिंतीवर गेले तेव्हाच संपले. आता चष्म्याचे घर, भाजीची जाळीदार पिशवी, पाण्याच्या बाटलीची पिशवी, दाराचे तोरण या वस्तू लोक आनंदाने वापरतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी कपाखालच्या चकत्यांचे वाण लुटून पाहा. शेजारच्या तेलुगू वहिनींना आपल्या हातचे तोरण दिले, तर भाषा अडली तरी बोलणे अडत नाही.

आता बंधूंनी लक्ष द्यावे. आपली गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते आणि इकडे आंध्रात तिला फाटे फुटतात. त्यातल्या वसिष्ठा फाट्यावर नरसापूर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मिशनऱ्यांनी तिथे लेस विणणे शिकवले. पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या बायका घरी बसून क्रोशाची लेस विणत आल्या आणि ती परदेशी जात राहिली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्यावर लिहिलेले 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर' हे पुस्तक १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातला मुद्दा मनाला लागतो. या बायका रोज तासन्‌तास विणत, पण त्याला काम न म्हणता 'घरातल्या बाईचा फावला वेळ' म्हटले गेले, आणि म्हणूनच मजुरी अगदी तुटपुंजी राहिली. २०२४ मध्ये नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव झाले, याचा आनंद आहे. पण मानांकनाने दाम आपोआप मिळत नाही, तो ग्राहकाने द्यायचा असतो.

आपल्या घरातही हेच होते. "बसल्या बसल्या करते ती" असे कौतुकानेच म्हणतात, पण त्यात तिच्या तासांचा हिशेब पुसला जातो. एक मोठा टेबलक्लॉथ विणायला कित्येक आठवड्यांच्या दुपारी जातात. म्हणून दोन विनंत्या करते. प्रदर्शनात हाताने विणलेली वस्तू घेताना घासाघीस करू नका. दोऱ्याच्या किमतीशी तुलना करण्यापूर्वी, त्यात तास किती गेले ते विचारा. आणि मैत्रिणींनो, कोणी "मला एक करून दे ना" म्हटले, तर प्रेमाने द्यायचे ते जरूर द्या, पण विकायचे असेल तेव्हा दाम सांगायला लाजू नका.

कार्यक्रमानंतर मी कोपऱ्यातल्या टेबलाशी थांबणार आहे. वीसेक सुया आणि सुती दोरा आणला आहे. चकतीची पहिली ओळ इथेच शिकून जा. बंधूंनाही मज्जाव नाही.

गणपती बाप्पा मोरया!