जबड्याच्या हाडाचा दुर्मीळ कर्करोग

अमरावती-अकोल्याकडे तोंडाचा कर्करोग म्हटले की खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) आठवतो आणि ते योग्यच आहे. परंतु जबड्याच्या हाडातच उगम पावणारा ‘ऑस्टिओसार्कोमा’, म्हणजे हाड घडवणाऱ्या पेशींचा कर्करोग, तंबाखूला न शिवलेल्या व्यक्तीलाही होतो. या रोगाच्या एकूण रुग्णांपैकी सुमारे ६ ते ८ टक्क्यांतच तो जबड्यात आढळतो. हातापायांच्या हाडांत तो किशोरवयात, तर जबड्यात बहुधा तिशी-चाळिशीत दिसतो. सूज, ठणका, हलू लागलेले दात आणि, विशेष गंभीर म्हणजे, खालच्या ओठाला येणारी बधिरता ही त्याची लक्षणे हिरडीच्या दुखण्यासारखी भासल्याने नुसताच दात काढला जातो आणि मोलाचे महिने वाया जातात. निदान पक्के होते ते गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनच. भोवतालच्या निरोगी भागासह गाठ समूळ काढणे हाच मुख्य उपचार असून गरजेनुसार केमोथेरपीची जोड दिली जाते. हातापायांतील रोगाच्या तुलनेत फुप्फुसांत प्रसार कमी व उशिरा होत असल्याने रुग्णाचे भवितव्य अधिक आशादायक असते, मात्र कडेला अंश उरल्यास रोग त्याच जागी उलटतो. ओठ बधिर झालेल्या रुग्णाने अमरावतीच्या दंत महाविद्यालयात किंवा अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात विनाविलंब तपासणी करून घ्यावी.