दुरुस्ती लिहून द्या



निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘युवकांपुढील आव्हाने’ असा विषय छापला आहे. त्याकडे येतोच, पण खानदेशातल्या मुलांसमोर उभं राहून फैजपूरला वळसा घालून जाणं मला जमणार नाही. डिसेंबर 1936 मध्ये तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच अधिवेशन, आणि अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. धनाजी नाना चौधरी, शंकरराव देव, साने गुरुजी या मंडळींनी त्यासाठी जिवाचं रान केलं. आपल्याकडे त्याची एक गोष्ट हमखास सांगितली जाते : झेंडा वर चढताना मध्येच अडकला आणि शिरपूरचा एक तरुण सरसर खांबावर चढला. गोष्ट झकास आहे, स्नेहसंमेलनात नाटुकलं बसवावं अशी. पण त्याच मांडवात एक ठरावही झाला, त्यावर कुणी नाटुकलं बसवत नाही. ब्रिटिश पार्लमेंटचा 1935 चा कायदा आम्हाला नामंजूर आहे आणि या देशाची राज्यघटना प्रौढ मतदानाने निवडलेली आमचीच घटना समिती करील, असा तो ठराव. मागणी त्याआधीही झालेली होती. तरी केळी-कापसाच्या मुलखात, शेतकऱ्यांच्या गर्दीपुढे तिचा पुनरुच्चार झाला, याचं मोल मला खांबावरच्या चढाईपेक्षा जास्त वाटतं.

आता यावर कुणी म्हणेल, अहो, ठरावातलं झालं कुठे? आक्षेप खरा आहे. 9 डिसेंबर 1946 रोजी दिल्लीत घटना समिती बसली, ती प्रौढ मतदानातून आलेली नव्हती. प्रांतांच्या विधिमंडळांनी सभासद पाठवले आणि त्या विधिमंडळांना मत देणारे लोक सारा, कर, शिक्षण अशा अटींतून गाळून घेतलेले होते. संस्थानांचे प्रतिनिधी आणखी वेगळ्या वाटेने आले. दुसरा आक्षेप त्याहून बोचरा : फैजपूरने जो 1935 चा कायदा झिडकारला, त्यातलीच कारभाराची पुष्कळशी कलमं नव्या घटनेत आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी मसुदा मांडताना हे लपवलं नाही. त्याबद्दल माफी मागायचं कारण नाही, असंच त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटतं. नवं राज्य आलं म्हणून तलाठ्याचं दप्तर आणि कोर्टाची तारीख एक दिवसही थांबत नाही. प्रश्न त्या यंत्रणेचा धनी कोण, हा होता. गव्हर्नरचे खास अधिकार गेले, मूलभूत हक्क आले, आणि ज्यांना स्वतःला मर्यादित मतदारांनी निवडलं होतं त्यांनीच 326 व्या कलमात प्रत्येक प्रौढाला मत दिलं. मतदारयाद्यांचं काम तर घटना पुरी होण्याआधी, 1948 पासूनच सुरू झालं होतं. फैजपूरचा ठराव उलट्या क्रमाने का होईना, अमलात आला.

हे कसं घडलं, तर दुरुस्त्यांनी. मसुद्यावर 7,635 दुरुस्त्या आल्या, त्यांतल्या 2,473 प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. मुंबईचे अर्थतज्ज्ञ के. टी. शहा एकामागून एक दुरुस्त्या मांडत आणि बहुतेक सगळ्या फेटाळल्या जात. दुसऱ्या दिवशी गृहस्थ पुढची दुरुस्ती घेऊन हजर. ग्रामपंचायतीचंच बघा. मसुद्यात ती नव्हतीच आणि खेड्यांबद्दल बाबासाहेबांचं मत अतिशय कडक होतं. जातीने पोळलेल्या माणसाचं ते मत होतं, ते खोडून काढण्याची माझी हिंमत नाही. तरीही 22 नोव्हेंबर 1948 रोजी के. संतानम यांनी पंचायतींची दुरुस्ती मांडली आणि बाबासाहेबांनी ती स्वीकारली. तेच आजचं कलम 40. पुढे 73 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये अमलात आली, तेव्हा कुठे त्याला दात आले.

माझं आजचं एवढंच मागणं आहे : नुसता विरोध करू नका, दुरुस्ती लिहून द्या. ‘आमचं कोण ऐकतं?’ हे उत्तर मला ठाऊक आहे. पण पूर्व खानदेशातले वकील हरि विनायक पाटसकर आठवा. घटना समितीचे सभासद, नंतर जळगावचे पहिल्या लोकसभेतले खासदार. हिंदू कोड बिल अडलं, त्यापायी बाबासाहेबांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं. तेच बिल पुढे तुकड्या-तुकड्यांनी आलं आणि 1955 चा विवाह कायदा, 1956 चा वारसा कायदा संसदेतून पार नेण्याचं काम पाटसकरांनी केलं. मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा मिळाला, वडिलोपार्जित मिळकतीत मात्र मुलाच्या बरोबरीने नाही. त्यासाठी महाराष्ट्रात 1994 आणि देशभर 2005 उजाडावं लागलं. समोर बसलेल्या मुलींनो, उद्या घरात कुणी हक्कसोडपत्रावर सही मागितली, तर सहीआधी ही एवढी पायपीट कुणी केली ते विचारात घ्या. आणि पुढच्या रांगेतले काका-मामा, तुम्हीही घ्या. तुमच्याकडे बघूनच बोलतोय.

सगळं संसदेतच होतं असंही नाही. येत्या 26 जानेवारीला गावोगाव ग्रामसभा होईल. माणसं नाहीत म्हणून ती तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून चार टाळकी जमून ठराव उरकतात. सभेत भांडणंच होतात, गटबाजी असते, हे मान्य. पण दिल्लीच्या सभागृहात काय गोडीगुलाबी होती? फरक एवढाच की तिथल्या भांडणाची अक्षरन् अक्षर नोंद झाली आणि हरलेला माणूस उठून गेला नाही. तेव्हा सुरुवात इथूनच करा. तुमच्या विद्यार्थी मंडळाची नियमावली कार्यालयातून मागून घ्या, जे कलम खटकतं ते शोधा, त्याच्या जागी काय हवं ते चार ओळींत नीट लिहा, एक अनुमोदक मिळवा आणि अर्ज द्या. प्राचार्य ती दुरुस्ती फेटाळतीलही, तो त्यांचा अधिकार आहे. फेटाळल्याची नोंद मात्र इतिवृत्तात घ्यायला लावा, आणि पुढच्या बैठकीला दुसरी घेऊन या. सर हसताहेत, म्हणजे हरकत नसावी.