गोमुख ते हरिद्वार : गंगेच्या माहेरचा भूगोल

(खर्डा, ता. जामखेड येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



खर्ड्याच्या भूमीवर बोलताना इतिहासाचे स्मरण अटळ आहे. ११ मार्च १७९५ रोजी याच परिसरात मराठ्यांनी निजामाला नमविले. त्याच वर्षी १३ ऑगस्टला पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी देह ठेवला. त्यांचे जन्मगाव चोंडी आपल्याच जामखेड तालुक्यातले. तरीही आजचा माझा विषय रणभूमीचा नाही, एका नदीचा आहे. सीनेच्या काठी जन्मलेल्या या लेकीने काशीत विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले, बदरी-केदारच्या यात्रेकरूंची सोय लावली, दूरदूरच्या देवस्थानांना गंगोदक पोहोचविण्याची व्यवस्था केली. आपल्या देवघरांतही गंगेचा गडू असतो आणि मावंदे घातल्यावाचून काशीयात्रा पुरी होत नाही. त्या गडूतले पाणी कोणत्या वाटेने येते, हे मात्र आपण फारसे विचारीत नाही. ते विचारणे हाही भक्तीचाच भाग आहे, असे मला वाटते.

पावसाची नदी, बर्फाची नदी

आपल्या बालाघाटातल्या नद्या पावसाच्या. सौताड्याचा धबधबा श्रावणात कोसळतो. उन्हाळ्यात तो कडा कोरडा पडतो. आपल्या काळ्या पाषाणात पाणी मुरते थोडे, वाहून जाते फार. भागीरथीचे उलटे आहे. वैशाखाचे ऊन तापू लागले की तिचे पाणी चढते. एका दिवसातही तिचे रूप पालटते. रात्रीच्या थंडीने पहाटे ती ओसरलेली असते आणि दिवसभर बर्फ वितळले की दुपारनंतर फुगते.

याचे कारण गंगोत्री हिमनदी. चौखंबा शिखरसमूहाच्या कुशीतून निघालेला हा सुमारे ३० किलोमीटर लांबीचा बर्फाचा प्रवाह. तो स्थिर वाटतो, पण स्वतःच्या भाराने संथपणे खाली सरकत असतो आणि सरकताना खालचा खडक जात्यासारखा दळतो. म्हणून सुमारे ४,००० मीटर उंचीवर गोमुखातून बाहेर पडणारे पाणी राखट, दुधाळ दिसते. तो मळ नव्हे, ते हिमालयाचे पीठ आहे! पुढे हेच पीठ गाळ होऊन गंगेच्या मैदानाला सुपीकता देते.

हिमनदी ही हिमालयाची कणगी आहे. दरवर्षी पडणारे बर्फ म्हणजे हंगामाचे धान्य आणि खालचा पुराणा बर्फ म्हणजे अडीनडीसाठी राखलेला साठा. हंगाम भरतो त्याहून खर्च वाढला की साठ्याला हात लागतो. आज तेच घडत आहे. गोमुखाची शास्त्रीय मोजणी १९३५ साली झाली. तेव्हापासून हिमनदीचे हे मुख सव्वा किलोमीटरहून अधिक मागे सरकले आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हिमनदी आटली की दुसऱ्याच वर्षी सारी गंगा आटेल, असे नाही. मैदानातल्या गंगेच्या पाण्यात मोठा वाटा पावसाचा आहे. पण जसजसे वर जावे तसतसा बर्फाचा वाटा वाढतो आणि उन्हाळ्यात तर तोच आधार ठरतो. त्यामुळे पहिली झळ बसेल ती पहाडातल्या खेड्यांना.

उताराचा हिशेब

गोमुखापासून सुमारे १८ किलोमीटरवर गंगोत्रीचे मंदिर. पुढे भैरोघाटीला जाडगंगा, म्हणजे जान्हवी, येऊन मिळते. हर्षिलला दरी रुंदावते, त्यानंतर पुन्हा खोल घळी. उत्तरकाशी आणि टिहरीचा जलाशय ओलांडून भागीरथी देवप्रयागला पोहोचते. तिथे अलकनंदा भेटते. सतोपंथ व भगीरथ खरक या हिमनद्यांतून निघालेल्या अलकनंदेने तोवर विष्णुप्रयागला धौलीगंगा, नंदप्रयागला नंदाकिनी, कर्णप्रयागला पिंडर आणि रुद्रप्रयागला मंदाकिनी पोटात घेतलेली असते. पाणी अलकनंदेचे अधिक. उगमाचा मान मात्र परंपरेने भागीरथीला दिला. संगमानंतर दोघींचे नाव एकच, गंगा.

आता उतार पाहा. गोमुख ते हरिद्वार या सुमारे ३०० किलोमीटरांत नदी साडेतीन हजार मीटरहून अधिक खाली उतरते. हरिद्वारपासून समुद्रापर्यंत दोन हजारांहून अधिक किलोमीटरांत तिला जेमतेम ३०० मीटर उतरायचे असते. म्हणून मैदानात जी माता संथ भासते, तीच माहेरी पाषाण फोडीत धावते. तिथला तरुण, ठिसूळ पहाड ढासळत असतो आणि ओढे दगडगोटे आणून दरीच्या तोंडाशी पंख्यासारखे पसरवितात. ती सपाट जागा पाहून माणसाला बाजार, हॉटेले थाटण्याचा मोह होतो. ओढा मात्र ती जागा विसरलेला नसतो.

जून २०१३ मध्ये अतिवृष्टीत केदारनाथच्या वरचे चोराबारी सरोवर फुटले आणि हजारो जीव गेले. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी ऋषिगंगेच्या खोऱ्यात कडा व हिम एकत्र कोसळून दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. ५ ऑगस्ट २०२५ रोजी खीरगंगेच्या लोंढ्याने धराली गाडली गेली. महाराष्ट्रातले यात्रेकरूही त्या भागात अडकून पडले होते. दरड, हिम, पाऊस हे निसर्गाचे. त्यांच्या वाटेत किती बांधावे, हे आपल्या हातचे.

जाणतेपणाचे उदाहरण

१८९३ साली गढवालात बिरही गंगेवर पहाड कोसळून गोहना येथे प्रचंड सरोवर तुंबले. ते फुटणार हे ओळखून वर्षभर पहारा ठेवला गेला, दरीतून तारायंत्राची तार टाकली गेली, वस्त्या हलविल्या गेल्या. ऑगस्ट १८९४ मध्ये ते फुटले आणि गढवालचे श्रीनगर वाहून गेले. पण प्राण गेले ते मनाई मोडून परतलेल्या एकाच कुटुंबातील पाच जणांचे. राज्य परक्यांचे होते, साधने तुटपुंजी होती. मग आज, उपग्रह आपले असताना, आपण अधिक सावध नको का?

गोमुख ते उत्तरकाशी हा पट्टा डिसेंबर २०१२ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला. सीमेवरच्या जवानाला रस्ता हवा, पहाडी माणसाला रोजगार हवा, हे कोण नाकारील? सीमेकडे जाणारा मार्ग त्याच खोऱ्यातून जातो. परंतु दरडीखाली गाडला जाणारा रस्ता जवानाच्याही कामाचा नाही. पहाडाची प्रकृती ओळखून केलेले बांधकामच टिकते. राष्ट्ररक्षण आणि नदीरक्षण यांत विरोध मानण्याचे कारण नाही.

आपण येथून काय करावे? भर पावसाळ्यात चारधामची घाई करू नये. ओढ्याच्या पात्रालगत मुक्काम करू नये. प्लॅस्टिक मागे ठेवून पुण्य जोडता येत नाही. आणि परतल्यावर गंगापूजन करताना आपल्या सीनेकडेही एकदा पाहावे. जिला बर्फाची कणगी नाही, तिला बांधबंदिस्तीची आणि मुरविलेल्या पाण्याची कणगी आपणच भरून दिली पाहिजे.

अहिल्यादेवींनी ठिकठिकाणी घाट बांधले. घाट नदीला अडवीत नाही. पाणी चढले की पायऱ्या बुडतात, ओसरले की उघड्या पडतात आणि माणूस तेवढाच मागे-पुढे सरतो. नदीला तिची जागा देऊन तिच्याजवळ राहण्याची ही रीत या तालुक्याच्या लेकीने देशाला बांधून दाखविली. ती आपण चालविली, तरच गडूतल्या त्या पाण्यापुढे हात जोडण्याचा अधिकार आपल्याला राहील.