सह्याद्रीच्या कड्यांवरील गिधाडे

सह्याद्रीचा एखादा कडा पायथ्याहून न्याहाळला, तर काळ्या कातळावर मधूनच चुना ओघळल्यासारखे पांढरे पट्टे दिसतात. ते पक्ष्यांच्या विष्ठेचे असतात. लांब चोचीच्या गिधाडांची वस्ती कोठे आहे, हे शोधणाऱ्याला प्रथम या ओघळांवरूनच उमगते. पक्षी नजरेस पडतो तो मागाहून.

लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हे डोंगर झाले. त्यांतील कठीण थर टिकून राहतो, मधला मऊ थर ऊनपावसाने झिजतो, आणि जेथे श्वापदाचा पाय पोचणार नाही अशी अरुंद कपार तयार होते. शाहीन ससाणा आणि पाकोळ्या यांनाही कड्यांचाच आसरा. पण तेथील थोरले बिऱ्हाड गिधाडाचे. नाशिकजवळच्या अंजनेरीला त्यांची वीण होते, आणि २०१७ साली त्या डोंगराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जाही मिळाला. जटायू पडला तो टाकेदचा परिसर याच जिल्ह्यातला, असे परंपरा सांगते.

श्रोतेहो, कडे जागच्या जागी आहेत. कपारी मात्र ओस पडल्या. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत लांब चोचीचे गिधाड आणि त्याचा निमुळत्या चोचीचा भाऊबंद यांची भारतातील संख्या शेकडा सुमारे ९७ ने घटली. प्रारंभी साथीच्या रोगाचा संशय होता. खरे कारण पाकिस्तानातील मृत गिधाडांच्या तपासणीतून २००४ साली प्रसिद्ध झाले. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध गुराला टोचले आणि ते गुरू लवकरच दगावले, तर औषध त्याच्या मांसात उरते. ते मांस खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते, आतील अवयवांवर खडूसारखा थर साचतो आणि काही दिवसांत पक्षी मरतो. एका मढ्यावर गिधाडांचा थवाच्या थवा उतरतो. त्यामुळे शंभरांत एखादेच मढे विषारी असले, तरी एवढा संहार घडण्यास ते पुरेसे होते.

त्यात या पक्ष्याची वीण अतिशय मंद. वर्षाकाठी एकच अंडे, ते उबवण्यास सुमारे सात आठवडे, आणि पिल्लू स्वतः वीण करू लागेपर्यंत चारपाच वर्षे जातात. गेलेल्यांची भरपाई झटपट व्हावयाची कोठून?

कड्याखाली पाटी लावून, पहारा ठेवून हा प्रश्न सुटत नाही. पहारा नकोच, असे मी म्हणत नाही. विणीचा काळ हिवाळ्याचा, आणि गिर्यारोहकांची हौसही हिवाळ्यातलीच. घरट्यासमोर दोर सोडले किंवा उडती यंत्रे घिरट्या घालू लागली, तर पक्षी अंडे टाकून उडतो. तेवढे महिने ते कडे वगळणे कोणासही अवघड नाही. पण गिधाड अन्नासाठी कोसच्या कोस जाते. राखीव क्षेत्राची हद्द त्याला ठाऊक नसते. त्याचे मरण वा जगणे ठरते ते दूरच्या एखाद्या गावच्या गोठ्यात.

गुरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ साली बंदी आली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचत राहिल्या, म्हणून २०१५ पासून कुपी तीन मिलिलिटरची करण्यात आली. मग तिची जागा घेणारी औषधे पुढे आली. त्यांपैकी असेक्लोफिनॅक तर गुराच्या शरीरात जाऊन डायक्लोफिनॅकच बनते! ते आणि किटोप्रोफेन यांवर जनावरांपुरती बंदी आली ती २०२३ साली.

मेलॉक्सिकॅम हे औषध गुराची वेदना शमवते आणि गिधाडाला अपाय करीत नाही. गोठ्यात म्हैस कण्हत असते, पशुवैद्य पिशवी उघडतो. त्या क्षणी कोणती कुपी बाहेर निघते, हे म्हशीच्या धन्याने विचारावयास हवे.