मूडबिद्रीची चित्रमय ताडपत्रे

मध्ययुगीन इटलीतल्या मठांमध्ये सोनेरी चित्रांच्या गायनपोथ्या एवढ्या मोठ्या असत, की सारा गायकवृंद एकाच पोथीत पाहून गाई. बेंगळुरूच्या पश्चिमेला, मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदी या जैन मंदिरातल्या ‘धवला’ या टीकाग्रंथाच्या पोथीच्या चित्रकाराला मात्र ताडपत्राची अरुंद पट्टीच मिळाली. बाराव्या शतकातल्या या पोथीत जुन्या कन्नड अक्षरांशेजारी तीर्थंकर आणि यक्ष-यक्षी रंगवले आहेत, आणि किती नाजूक हाताने! शतकानुशतके भाविकांना तिचे फक्त दर्शन मिळे, वाचन नाही. सोलापूरच्या हिराचंद नेमचंदांच्या पुढाकाराने १८९६च्या सुमारास नक्कल सुरू झाली. हिरालाल जैन यांनी संपादलेला पहिला छापील खंड १९३९ मध्ये निघाला, तोही आपल्या अमरावतीतून. सोळावा खंड यायला १९५९ उजाडले.