दंतनोंद आणि रुग्णाचा प्रश्न



एका नव्या दंतवैद्यांनी माझ्या तीन दाढा किडल्याचे सांगितले. जुन्या नोंदीत मात्र केवळ ३६ या अंकापुढे ‘लक्ष ठेवावे’ असा शेरा होता. हा छत्तिसावा दात नव्हे. माणसाला दात बत्तीसच! यातील ३ म्हणजे खालचा डावा चतुर्थांश, ६ म्हणजे मध्यरेषेपासून सहावा दात, अर्थात पहिली मोठी दाढ. आणि डावी बाजू रुग्णाची, पाहणाऱ्याची नव्हे. अमेरिकेत दातांना १ ते ३२ असे सलग क्रमांक देतात. तिथली १४ वरची डावी दाढ. या द्व्यंकी पद्धतीतली १४ वरची उजवी उपदाढ. परदेशातून कागद घेऊन येणाऱ्यांनी एवढे जपावे.

मी विचारले, “कीड वरच्या एनॅमलपुरतीच आहे की आतल्या डेंटिनमध्ये शिरली आहे? क्ष-किरण चित्रात दाखवाल का?” प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, आणि त्यांनीही तसा मानला नाही. खड्डा न पडलेली, एनॅमलमधली कीड फ्लोराइडने व स्वच्छतेने बहुधा थोपवता येते. खड्डा पडून खोल गेलेली भरावीच लागते. चित्रात एकच दाढ तशी निघाली, आणि ती नेमकी ३६! ती मी भरून घेतली. उरलेल्या दोहोंपुढे त्यांनी स्वहस्ते लिहिले: ‘लक्ष ठेवावे’.